पंख्याची खबर

"पंखा उडव म्हणतोय न्हवं मी! तापमान ऱ्हाऊ दे, पंख्याचं काढ," विजयसिंहांनी टेबलावर हात आपटला.

सम्मेद मगदूम खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होता. शाहूपुरीतल्या विजयसिंहांच्या या दोन खोल्यांच्या कंपनीत काजूच्या भट्ट्या सांभाळणारे डबे तयार होत. डब्यात छोटा संगणक आणि त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, सम्मेदनं लिहिलेला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम. चिप किती तापली, वीज किती येतेय, चिपला गार ठेवणारा पंखा फिरतोय की थांबलाय, एवढी खबर त्यानं वर पोचवायची. पंखा थांबला की डबा कोकलायचा.

आणि गेले दोन महिने डबे नुसते कोकलत होते. विजयसिंहांनी हलके पंखे घेतले होते. काजूच्या टरफलाची धूळ बसली की ते थांबत. आजऱ्याच्या काजू कारखान्यांतून रोज फोन.

"खरं साहेब, पंखा बंद पडतोय म्हणून तर बोंबलतंय ते. पंखंच बदलायला पायजेत."

"दोनशे डबं माघारी आणू? येडा हाईस काय? आणि तूच म्हणतोस की, ड्रायव्हरात फालतू काय नको म्हणून!"

हे मात्र खरं होतं, आणि तिथंच बिचारा अडकला. मागं विजयसिंहांना ड्रायव्हरमधूनच मोबाइलवर निरोप जायला हवे होते, रंगीत दिवे लागायला हवे होते. सम्मेदनं सगळं बाहेर हाकललं होतं. ड्रायव्हरनं खबर द्यावी, कारभार करू नये, हा त्याचा नेम. आज तोच नेम त्याच्या गळ्यात अडकवला जात होता. पण अहो, पंखा थांबला ही खबरच नव्हे काय?

"ह्ये फालतू न्हाय साहेब. डबा तापून अडकला तर भट्टीची आच कमी होत न्हाय. मी बघून आलोय. तिथली चिमणाबाई भट्टीकडं पाठ करून काजू निवडत बसतीया."

"आजवर झालंय का काय तसं?"

"न्हाय."

"मग?" विजयसिंहांनी आवाज उतरवला. "आण्णांचं बरं चाललंय न्हवं? दुकान बसल्यावर ह्या वयात कोण घेतलं असतं त्यांस्नी? कुणाच्या तोंडाकडं बघून ठेवलंय मी?"

काचेपलीकडं आण्णा, सम्मेदचे वडील पार्श्वनाथ, डबे खोक्यांत भरत होते. प्रत्येक डब्याच्या जाळीवर तळवा धरत आणि वारा लागला की समाधानानं मान हलवत. त्यांना या खोलीतलं काही ऐकू येत नव्हतं.

सम्मेद जागेवर आला. डोकं भणभणत होतं. राजीनामा तोंडावर फेकावा, असं दहादा वाटलं. फेकला तर उद्यापासून आण्णाही घरी, आणि घरी बसलेले आण्णा त्यानं एक वर्ष पाहिले होते. नको रे बाबा! पंख्याच्या छत्तीस ओळी होत्या. त्यानं त्या पुसल्या. मांजरानं डोळे मिटून दूध प्यायचा प्रकार, आणि मांजर आपणच. त्याला स्वतःची शिसारी आली.

बदल पाठवायचा तर खाली सही टंकावी लागे: हे मी केलं, जबाबदारी माझी. बाकीचे नाव-आडनाव टाकून मोकळे होत. सम्मेद आठ वर्षं मधे वडिलांचं नाव घालून तिन्ही नावं लिहीत आला होता. "रेशनकार्ड भरतोयस काय रं?" म्हणून शेजारची स्वप्नाली हसायची. पण आण्णांना ते कळलं, त्या दिवशी त्यांनी बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, भेटेल त्याला सांगितलं होतं, माझं नाव मशिनीच्या पोटात गेलंय म्हणून.

दार ढकलून आण्णा आत आले. "चल की रं. दिवस मावळायच्या आत जेवायचं हाय, आई खोळंबली असंल. झालं न्हवं काम?"

"व्हय, झालंच."

सम्मेदनं नाव टंकलं, पुढं आडनाव टंकलं, आणि बदल पाठवून दिला.

"आमचं नाव घातलंस न्हवं?" आण्णांनी हसत विचारलं. चष्मा त्यांच्या खिशात होता.

"घातलंय की," सम्मेद म्हणाला, आणि त्यांच्या हातातली पिशवी त्यानं आपल्या हातात घेतली.