जांभळे गोळे

हॉटेलवाल्या बाई चार वाजता येणार होत्या आणि सकाळपासून मी अकरा वेळा हात धुतले होते. मी मोजले नव्हते, भावजयीने मोजले. "ताई, कातडी निघेल हो," ती म्हणाली. मी खेकसले, "निघू दे. माझीच निघेल ना?" ती बिचारी पीठ चाळायला लागली.

पीठ म्हणजे आमच्या गोळ्यांचं. आंघोळीच्या टबात टाकले की फसफसतात, रंग सोडतात, वास सोडतात. बाजारात त्यांना बाथ बॉम्ब म्हणतात. माझा धाकटा भाऊ कामावरून आला की दारातूनच ओरडतो, "काय, घर शाबूत आहे ना?" चार वर्षं हाच विनोद, आणि हसतो तोच. खायचा सोडा, सायट्रिक ॲसिड आणि कॉर्नफ्लोअर चाळून मिसळायचं काम भावजयीचं. साच्यात दाबायचंही तिच्याकडेच. रंग, वास आणि सजावट माझ्याकडे. चौदा वर्षं मी साबणाच्या कारखान्यात वास तपासायला होते. कारखाना बंद पडला, मी भावाच्या घरी राहायला आले, आणि तो मला 'नाकाबाई' म्हणायला लागला. मला ते आवडायचं. आयती येऊन बसलेली बहीण असण्यापेक्षा नाक असलेलं बरं.

तीन आठवड्यांपूर्वी ते नाक गेलं.

साधी सर्दी झाली होती, दोन दिवस ताप. ताप उतरला आणि चहा नुसता गरम पाण्यासारखा लागला. साबण हुंगला, कांदा हुंगला, फिनाइलच्या बाटलीत नाक घातलं. काही नाही! डॉक्टर म्हणाले, "येईल परत. वाट बघा." मी म्हटलं, "आणि नाही आला तर?" त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी मी कोणाला काही बोलले नाही. काय सांगणार? नाकाबाईचं नाक गेलं? भाऊ हसला असता, आणि हसून झाल्यावर विचार करायला लागला असता. मला त्या विचाराची भीती होती.

तीन आठवडे मी वेळ मारून नेली. वहीत सगळं मापासकट लिहिलेलं होतं, थेंब मोजून टाकायचे. त्यातून शंका आली तर भावजयीची परीक्षा घ्यायची. घमेलं तिच्या नाकाखाली धरायचं आणि मास्तरणीसारखं म्हणायचं, "सांग बघू, काय आहे?" ती म्हणायची, "लिंबू." पिवळा घाणा असायचा, लिंबूच असायचं. मी म्हणायचे, "शाब्बास, शिकलीस." आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

पण आजचं काम साधं नव्हतं. हॉटेलवाल्या बाईंकडे तीस खोल्या, प्रत्येक खोलीत टब. त्यांना एकच रंग, एकच वास हवा होता, पाहुण्यांना घरी गेल्यावरही आठवेल असा. त्यांनी आमचे गोळे घ्यायचे ठरवले तर वर्षभराचं काम हातात होतं. भावाने सकाळी जाताना मला सांगितलं, "नाकाबाई, आज सगळं तुझ्यावर आहे हं." तो गेला आणि मी हात धुवायला उठले.

मी जांभळा रंग घेतला. रंगाची पूड आधी कोरड्या पिठात चोळायची, ओली करून घातली तर पीठ तिथेच फसफसायला लागतं. हे माझे हात झोपेतही करतात. साच्याच्या तळाशी सुकलेल्या निळ्या पाकळ्या घातल्या, मोजून पाच. जास्त घातल्या तर टबात किड्यांसारख्या तरंगतात. मग वास. वहीत लव्हेंडर चाळीस थेंब लिहिलं होतं. तेवढ्यात बाईंचा फोन आला आणि भावजय तो घ्यायला बाहेरच्या खोलीत गेली. मी साच्यांशेजारची लव्हेंडरची बाटली उचलली. अठ्ठावीसवर घोटाळा झाला, पुन्हा मोजले, वर पाच टाकले. खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली.

भावजय आत आली. "निघाल्यात त्या."

मी घमेलं पुढे केलं. "सांग बघू."

तिने वाकून पाहिलं. "लव्हेंडर."

"नीट हुंग."

"मस्त आलंय ताई. लव्हेंडरच."

पीठ जरा तेलकट लागत होतं, मुठीत लगेच बांधलं जात होतं. माझ्या हातांना ते कळलं होतं. पण मी म्हटलं, हवा दमट असेल.

बाई चारला पाच कमी असताना आल्या. उंच, चटपटीत, बसायला सांगितलं तरी उभ्याच. वरून रुपेरी पूड ब्रशने फिरवलेले आमचे गोळे टेबलावर मांडलेले होते आणि खरंच देखणे दिसत होते. बाईंनी एक उचलला, नाकाशी नेला. मग दुसरा. मग म्हणाल्या, "पाण्यात टाकून दाखवा."

भावजयीने गरम पाण्याची बादली आणली. गोळा फसफसला, जांभळी नक्षी उमटली, पाकळ्या गोल गोल फिरल्या. बाई बादलीवर वाकल्या. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"वास कुठाय?" त्या म्हणाल्या.

"लव्हेंडर आहे," मी म्हटलं.

"अहो, काहीच नाहीये." त्यांनी भावजयीकडे पाहिलं. "तुम्हाला येतोय?"

भावजयीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. बादली फसफसून शांत झाली.

"सोमवारी परत येते," बाई म्हणाल्या. "रंग मला कुठेही मिळेल हो. मला वास हवाय."

दार लागलं आणि मी भावजयीवर तुटून पडले. "लव्हेंडर म्हणालीस ना तू? मस्त आलंय म्हणालीस!"

"जांभळं होतं म्हणून म्हणाले."

"काय?"

ती रडकुंडीला आली होती. "रंग बघून सांगते मी. नाहीतर कोणती बाटली उघडी आहे ते बघून. आज मला खरंच काही आलं नाही, पण वाटलं माझंच चुकतंय. तुमच्यापुढे मी काय बोलणार?" मग तिची नजर साच्यांकडे गेली. "अगं बाई! ताई, तुम्ही ही बाटली घेतलीत? ही रिकामी झालेली. मी धुऊन तिच्यात बदामाचं तेल भरलंय, साच्यांना पुसायला. लव्हेंडर वर फळीवर आहे."

होतं. सीलसुद्धा न फोडलेलं.

"पण ताई," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला कसं नाही कळलं?"

मी पुन्हा हात धुवायला वळले. नळ सोडला आणि पाण्याकडे बघतच सांगून टाकलं. "मला वास येत नाही. तीन आठवडे झाले. कशाचाच येत नाही." मग रडूच फुटलं. मला त्याचा संताप आला, पण थांबेना.

तिने नळ बंद केला. "असू दे", "होईल बरं" असलं काही म्हणाली नाही. स्टूल ओढून माझ्याजवळ बसली.

सोमवारपर्यंत तीन दिवस होते. मी फळीवरच्या सगळ्या बाटल्या खाली काढल्या. "डोळे मीट," म्हटलं. "काय नाव आहे ते नको सांगू. काय येतं ते सांग. चुकलीस तर चुकलीस."

पहिली माझी स्वतःची होती, गुलाब आणि लवंग, कारखान्यात असताना जुळवलेली. तिच्यावर माझा फार जीव. भावजयीने हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"खरं सांगू?"

"सांग."

"मला हा वास कधीच आवडला नाही. डोकं उठतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

चार वर्षं! माझे कान तापले. चांगलं फैलावर घ्यावं असं वाटलं. पण तिचे डोळे अजून मिटलेलेच होते, आणि सोमवारी हेच नाक लागणार होतं.

"कुठे उठतं?" मी विचारलं. "कपाळात की मागे?"

"कपाळात. आधी बरं वाटतं. मग शेवटी काहीतरी कडू येतं, औषधासारखं."

लवंग. कारखान्यातले मोठे साहेबही हेच म्हणाले होते, आणि त्यांना काय कळतंय म्हणून मी नाक वर करून निघून आले होते. मी वही उघडली, तिच्या हातात पेन दिलं आणि माझ्या अक्षराखाली तिला लिहायला लावलं. लवंग दोन थेंब कमी.

"आता डोळे मीट," म्हटलं. "पुढची."