माथ्यावरचा अर्धा तास

नांदेड शहरात चढ म्हणावा असा चढ नाही. मग घाटातल्या शर्यतीची तयारी करायची तर पळणाऱ्यांनी जावं कुठं? तरोड्याकडच्या दहा-बारा जणांनी त्यावर तोड काढली होती ती रेल्वेवरच्या उड्डाणपुलाची. पहाटे पाचला या टोकाने चढायचं, त्या टोकाने उतरायचं, वळून पुन्हा तेच, असं वीस वेळा. अर्धापूरहून केळी घेऊन आलेल्या एका ट्रकवाल्याने एकदा गाडी हळू करून विचारलंही होतं, "काय हरवलं का हो पुलावर?"

या मंडळींत सगळ्यात चेव चढलेला गडी म्हणजे वैजनाथ. अर्धापूर तालुक्यात कृषी सहाय्यक, वय सत्तेचाळीस. रक्तात साखर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, आणि हा पठ्ठ्या चालायचा सोडून पळायलाच लागला. मनगटावर मोठं घड्याळ आलं. शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून केळीवरच्या करपा रोगाची माहिती सांगता सांगता तो मध्येच त्या घड्याळात डोकवायचा. किती पावलं झाली, नाडी किती, काल किती वेगाने पळालो, याशिवाय त्याला दुसरा विषय उरला नव्हता.

त्याची बायको शिवकन्या पळायला आली ती कुत्र्यांमुळे. पहाटे पुलाखाली चार-पाच मोकाट कुत्री असायची आणि नवरा एकटा जातोय हे तिला पसंत नव्हतं. आधी ती हातात काठी घेऊन नुसती पुलाखाली उभी राहायची. मग उभं राहून थंडी वाजते म्हणून चालू लागली, आणि महिन्याभरात काठी टाकून पळू लागली. अठरा वर्षं पायमशीनवर गावच्या ब्लाउजांना टिपा मारलेली बाई ती, पायांत ताकद होतीच. ग्रुपचे म्होरके सुदाम सर, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. ते म्हणाले, "वैजनाथराव, सांभाळा बरं. बाईंचा दम तुमच्यापेक्षा लांब हाय." वैजनाथ हसला. मनातून त्याला ते फारसं आवडलं नाही.

मागच्या वर्षी दोघांनी मिळून माहूरकडच्या घाटातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. अर्धं अंतर चढ, माथ्यावरून वळायचं आणि आलेल्याच रस्त्याने खाली उतरायचं. त्यांची मुलगी ऋतुजा लातूरला नीटच्या क्लासला होती. तिने फोनवर बजावलं, "माथ्यावर दोघांचा एक फोटो काढा. मी खोलीत लावणार हाय." ठरलंच होतं तसं. दोघांनी बरोबर पळायचं, वर फोटो काढायचा, बरोबर खाली यायचं. वैजनाथनेच तसा शब्द दिला होता. "तुला सोडून जाईन का मी?" असं तो पुलावर सगळ्यांदेखत म्हणाला होता.

पहिले सात किलोमीटर शब्द पाळलाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सागाची झाडं, सकाळचं कोवळं ऊन, शिवकन्या त्याच्या डाव्या बाजूला. चढ उभा झाला तशी ती लहान लहान पावलं टाकू लागली. मान खाली घालून, सुदाम सरांनी शिकवलं होतं अगदी तसं. ते सांगायचे, चढावर वर बघायचं नाही, पुढची दहा पावलं तेवढी बघायची. वैजनाथ मात्र बघत होता घड्याळाकडे. आणि घड्याळ सांगत होतं की जरा जोर केला तर अडीच तासांच्या आत शर्यत होईल. अडीच तासांच्या आत ग्रुपमधल्या कुणीच तो घाट केला नव्हता, सुदाम सरांनीही नाही.

आठव्या किलोमीटरला त्याने एकदा बायकोकडे पाहिलं. तिच्याशी काही बोलला नाही, आणि पावलं लांब टाकली. माथ्यावर जाऊन थांबू की, असं त्याने स्वतःला समजावलं.

माथ्यावर पोचला तेव्हा एक तास वीस मिनिटं झाली होती. तिथे पाण्याचं टेबल होतं, फोटो काढणारे होते, दरीकडे बघणारी माणसं होती. वैजनाथ एक घोट पाणी प्यायला, उरलेला पेला डोक्यावर ओतला आणि वळला. आता उतार होता. पाय आपोआप पडत होते.

आणि पहिल्याच वळणाच्या पुढे, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने शिवकन्या वर येताना दिसली. घामाने टी-शर्ट अंगाला चिकटलेला, मान खाली, छोटी छोटी पावलं. मध्ये अंतर होतं दहा-बारा हातांचं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक मारली तर थांबावं लागलं असतं, वळून परत माथ्यापर्यंत जावं लागलं असतं, फोटो काढावा लागला असता. वैजनाथने नजर वळवली. दरीकडे बघत, बरोबरीने उतरणाऱ्या एका धिप्पाड माणसाच्या आडोशाने तो तिच्या शेजारून निघून गेला. तिची मान खालीच होती, तिने पाहिलं नाही, याची त्याने मनाशी खात्री करून घेतली.

दोन तास अठ्ठावीस मिनिटं. गळ्यात पदक पडलं. वैजनाथ हरखून गेला, फोन करत सुटला, उपमा खाल्ला. तीन तास झाले तरी शिवकन्या येईना तेव्हा मात्र तो उठून रस्त्याकडे बघत उभा राहिला. शेवटी ती आली ती मागून येणाऱ्या गाडीतून. थकलेल्यांना गोळा करत येते ती गाडी. तिच्या गळ्यात काही नव्हतं.

"काय झालं?"

"पाय मुरगळला," ती म्हणाली आणि सरळ चालत पाणी प्यायला गेली. ती लंगडत नव्हती. वैजनाथला ते दिसलं होतं, पण विचारायची हिंमत झाली नाही. स्वयंसेवकांपैकी एका पोरीने मात्र त्याला सांगितलं, "काका, त्या वर अर्धा तास बसून होत्या. चला म्हणलं तरी उठल्या न्हाईत. कोणी येणार हाय म्हणत होत्या."

घरी आल्यावर कॉलनीत सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. वैजनाथने घाटाची वर्णनं करून सांगितली. शिवकन्या चहा देत होती. ऋतुजाचा फोन आला, "पप्पा, फोटो कुठंय?" तर तो म्हणाला, "घाईत राहून गेला बेटा." पलीकडून पोरगी म्हणाली, "बरं."

त्यानंतर शिवकन्या पुलावर आली नाही. भांडली नाही, रुसली नाही, पहाटे उठून त्याला चहा करून द्यायची आणि मशीनवर बसायची. लग्नसराई आहे, कपडे पडलेत, असं म्हणायची. सराई संपली तरी कपडे पडलेलेच होते. वैजनाथ एकटा पूल चढायचा आणि उतरायचा. आतून त्याला काहीतरी कुरतडत होतं. बायको पळायची थांबली ती आपल्यामुळे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ते तोंडाने कबूल करायचं म्हणजे ती उतारावरची गोष्टही सांगावी लागली असती. सोडून पुढे गेलो, एवढं एक वेळ माफ झालं असतं. समोरून आलो आणि ओळख दिली नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दहा वेळा शब्द ओठांवर आले, दहा वेळा त्याने ते चहाबरोबर गिळले.

आणि यंदा ऑगस्टमध्ये ती आपण होऊन म्हणाली, "या साली माझंबी नाव घातलंय घाटाला. ऋतुजानं भरला फॉर्म."

वैजनाथला एवढा आनंद झाला की तो त्या दिवशी घड्याळ चार्ज करायचंही विसरला. विसरली बिचारी सगळं, असं त्याला वाटलं. त्याने मनोमन ठरवलं, या वेळी काही झालं तरी तिची बाजू सोडायची नाही. माथ्यावर फोटो काढायचा आणि तिथेच, तिच्यासमोर, सगळं सांगून मोकळं व्हायचं. एवढ्यासाठीच आपण चाललोय, बाकी वेळ-बीळ काही नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडीतून जाताना हदगावच्या स्टँडजवळ चहाला थांबले, तेव्हा ती आपल्या माहेरचं काहीबाही बोलत होती, हसत होती. वैजनाथला वाटलं, आत्ताच सांगावं. पण चहावाला सुटे मागायला आला आणि राहून गेलं.

शर्यत सुरू झाली आणि शिवकन्येने जो वेग धरला तो बघून वैजनाथ चक्रावला. तीन महिने ती दुपारच्या वेळी, कपडे द्यायच्या निमित्ताने, एकटी पूल चढत होती हे त्याला कुठं ठाऊक होतं! तिची बाजू सोडायची नाही म्हणजे आता तिच्याबरोबर राहायलाच धाप लागत होती. "जरा हळू," असं म्हणायला त्याची जीभ रेटेना. पुरुषाची जात आडवी आली. पाचव्या किलोमीटरला घशाला कोरड पडली, सातव्याला मांड्या भरून आल्या, आणि आठवा संपता संपता उजव्या पोटरीत असा पेटका आला की तो "आई गं" म्हणून रस्त्यातच खाली बसला.

शिवकन्या चार पावलं पुढे गेली होती. ती माघारी आली. त्याला हाताला धरून कठड्याशी नेलं, बूट काढला आणि दोन्ही अंगठ्यांनी पोटरी रगडू लागली. माणसं शेजारून जात होती. दोन मिनिटं, चार मिनिटं, आठ मिनिटं. गोळा सुटायचा आणि पाय टेकला की पुन्हा यायचा.

"तू जा," वैजनाथ म्हणाला. "तुझा टाइम चाललाय. जा तू."

"गप बसा. पाय सैल सोडा."

तिचं ते रगडणं त्याला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या, निघून गेली असती, तर बरं झालं असतं. त्याचे डोळे भरून आले आणि माथ्यावरचं माथ्यावर राहिलं, इथेच कठड्यावर बसून तो बोलून गेला, "मागच्या साली मी तुला पाह्यलं होतं. उतरताना. तू वर येत होतीस. मी पाह्यलं आन् तसाच गेलो."

तिचे हात थांबले नाहीत.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "म्याबी पाह्यलं होतं तुम्हाला. दरीकडं तोंड केलं ते."

वर्षभर जे ओझं आपण एकटेच वाहतोय असं वैजनाथ समजत होता, ते तिने पहिल्या क्षणापासून उचललेलं होतं. त्याला चहा करून देताना, सत्कारात कप फिरवताना, मशीनवर पाय मारताना.

"मंग वर थांबलीस कामून? अर्धा तास?"

शिवकन्येने त्याचा पाय खाली ठेवला. मोजा नीट वर ओढून दिला.

"वाटलं, खाली जाऊन तुमचं तुम्हालाच कसंतरी होईल. माघारी याल." मग ती म्हणाली, "शेवटची गाडी येस्तोवर वाटत होतं."

तेवढ्यात एक स्वयंसेवक मोटारसायकलवरून दुखण्यावरच्या फवाऱ्याची बाटली घेऊन आला. शिवकन्येने त्याला सगळं सांगितलं, कुठल्या पायात गोळा येतोय, साखरेचा आजार आहे, खायला काहीतरी द्या. मग उठली, हात झटकले, आणि वर निघाली. पहिली काही पावलं चालत, मग तीच तिची लहान लहान पावलं.

वैजनाथ कठड्यावर बसून राहिला. स्वयंसेवक म्हणाला, काका, गाडी बोलावू का? तो म्हणाला, नको, घरचं माणूस वरून येणार हाय. ऊन वर आलं. उतरणारे दिसू लागले, एकेक चेहरा तो निरखत होता. माथ्यावर ती थांबेल का? फोटो काढून घेईल का एकटीचा? परत येताना माझ्याजवळ बसेल, मग मी म्हणेन, चुकलं माझं. ते तर म्हणायचं राहूनच गेलं होतं. त्याने पाहिलं होतं एवढंच सांगितलं, चुकलं असं म्हटलंच नव्हतं.

पाऊण तासाने ती वळणावर दिसली. उतारावर छान पळत होती, खांदे सैल, कोपरं अंगाशी. वैजनाथ कठड्याला धरून उभा राहिला आणि हात वर केला. तिने त्याला लांबूनच पाहिलं होतं. नजर न काढता, त्याच्याकडे बघतच ती जवळ आली.

"पाणी प्या. उन्हात बसू नका," ती म्हणाली, आणि तिचं पाऊल जराही आखडलं नाही. ती त्याच्या समोरून गेली, पुढच्या वळणावर सागाच्या झाडांआड झाली.

एक मिनिट थांबली असती तर तिचं काय बिघडलं असतं, असं वैजनाथच्या मनात आलं. आलं, आणि त्याला स्वतःचीच एवढी लाज वाटली की तो मटकन तिथेच खाली बसला.