दोन वायरींचा शेजारी

मित्रांनो, नव्या स्विचची फजिती झाली तर गॉर्डनच्या पदरात काय पडणार होते, ते आधी मांडून घेऊ. त्याची नोकरी टिकणार होती. कारखान्याचा व्यवस्थापक डेलमार चारचौघांत म्हणणार होता, की यंत्र कितीही आणा, शेवटी माणूस लागतोच. शिवाय माझ्या पोटातली जळजळ थांबणार होती. पण ही जमा गॉर्डनच्या खात्यात धरू नका, ती माझी.

मी एक जुना नेटवर्क स्विच आहे, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका सहकारी चीज कारखान्यातला. पत्र्याची चपटी पेटी आणि तोंडावर भोकांच्या दोन रांगा, एवढेच माझे रूप. कारखान्यातले प्रत्येक यंत्र एकेका वायरीने मला जोडलेले असे. दूध तापवा, दही कापा, झडप उघडा, असा हुकूम नियंत्रण खोलीतून सुटला की मी तो नेमक्या यंत्राच्या दारी पोहोचवीत असे. जेवणाच्या सुट्टीत कोणी घरचा व्हिडिओ गेमचा डबा आणून खुपसला, तर त्यालाही मी घरात घेई. नाव-गाव विचारायची मला सवयच नव्हती.

माझी देखभाल गॉर्डन ट्वेटनकडे होती. वीज गेली की खालची बॅटरी मला जेमतेम अर्धा तास जगवी. जनरेटर लगेच सुरू होई, पण त्याची वीज यंत्रे आणि दिवे सोडले तर फक्त लाल सॉकेटांत येई, आणि आमच्या खोलीतले लाल सॉकेट होते पार दाराशी. बॅटरीची वायर तिथवर पोहोचत नसे. मग गॉर्डन एक लांब वायर खांद्यावर टाकून धावत येई. लोक दारात जमून ओरडत, "पळ गॉर्डी, गायी वाट बघतायत!" तो कानापर्यंत लाल होई, पण मनातून खूश असे. वर्षभरात त्याचे कौतुक व्हायचे ते तेवढ्याच वेळी, आणि त्यातला थोडा वाटा मलाही मिळे.

मग नवा आला. काय त्याचा थाट! त्याला मागून दोन वायरी, एक बॅटरीत आणि दुसरी, चांगली लांबलचक, थेट लाल सॉकेटात. एक मेली तरी दुसरी आहेच. कोणीही दार ठोठावले की हा आधी ओळख विचारणार. ओळख पटली नाही तर दार बंद. आपली खबरबात तो गॉर्डनच्या पडद्यावर धाडी आणि मिलवॉकी शहरातल्या देखभालीच्या कंपनीलाही. ते लोक तिथे बसून त्याला हलवत, निजवत, उठवत. मला खालच्या फळीवर उतरवले आणि माल पाठवण्याच्या विभागातले दोन प्रिंटर माझ्या गळ्यात बांधले. त्याचे हिरवे दिवे रोज माझ्या डोक्यावर लुकलुकत. मी बोटे मोडली असती, पण मला बोटे कुठली!

गॉर्डनचेही पोट दुखतच होते. "मिलवॉकीहून सगळं दिसतं म्हणे," तो मला पुसता पुसता म्हणे. "दिसू दे. मी काय, धूळ झटकायला उरलोय."

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम लागला. निम्मे लोक बंदुका घेऊन रानात गेले, आणि उरलेल्यांसाठी कचेरीतल्या मार्लिसने गरम बीफचे जेवण ठरवले. विजेची दोन मोठी पातेली एकदम लावली की स्वयंपाकखोलीतला फ्यूज उडायचा. म्हणून ती पातेली घेऊन आमच्या दाराशी आली. लाल सॉकेटाला भोके दोन. एक रिकामे होते, त्यात बीफचे पातेले लागले. दुसऱ्यात नव्याची वायर. तिने ती खुशाल उपटली आणि त्याच्याकडे पाहिले. एकही दिवा विझला नाही.

"बघा! उगाचच लावून ठेवली होती," मार्लिस म्हणाली आणि बटाट्यांचे पातेले जोडले.

मित्रांनो, चूक झाली ती इथे. नवा इतका चोख होता, की त्याचा एक पाय कापला तरी तो लंगडला नाही. त्याचा एकच छोटा दिवा नारिंगी झाला. गॉर्डनच्या पडद्यावर इशारा आला, मिलवॉकीलाही गेला. मिलवॉकीवाल्यांनी मानले, जागेवरचा माणूस बघेल. जागेवरच्या माणसाने इशारा वाचला, येऊन दारातली पातेली पाहिली आणि म्हणाला, "सगळं दिसतं ना तुम्हाला? मग बघा की!" तो ताट वाढून घ्यायला गेला. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

दुपारी ओल्या बर्फाच्या ओझ्याने बाहेरच्या तारा तुटल्या. जनरेटर घुरघुरला, दिवे आले, पातेली रटरटत राहिली. नवा मात्र एकट्या बॅटरीवर होता.

गॉर्डनची थोरली बहीण आर्डिस चीज बनवणारी. त्या दिवशी तिच्या टाकीत परीक्षेचे चीज होते. ते साधले की तिला उस्ताद म्हणून स्वतःच्या नावाचा शिक्का मिळणार होता. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या शिक्क्याखाली चीज केले होते. ती टोपी सावरत जेवणखोलीत आली.

"गॉर्डी, तुझं ते डबडं ठीक आहे ना? दही कापायला आलंय माझं."

"दोन वायरी आहेत त्याला. मला कोण विचारतं?"

"फुगू नकोस. तुझा फुगा मी लहानपणापासून बघतेय. वायर आणू का मी?"

"काही नको. मी आहे ना. जा तू."

गॉर्डनचा बेत पक्का होता. नव्याला पडू द्यायचे, सगळ्यांचे तोंड उतरू द्यायचे, मग वायर घेऊन धावायचे. मिनिटभराचा अंधार, तेवढ्याने दह्याचे काय बिघडते? पण हे मिनिट त्याने माझ्या मापाने धरले होते.

बॅटरी संपली, आम्ही दोघेही विझलो. गॉर्डन धावला. त्याने पातेली उपटली, एका भोकात नव्याची वायर खोचली, दुसऱ्यात लांब वायर लावून मला जोडले. मी मिनिटभरात जागा झालो, माझे दोन प्रिंटर कुशीत घेऊन. नवा आधी स्वतःची नाडी तपासत बसला. मग स्वतःची कुलपे. मग एकेका यंत्राला, तू कोण, कशावरून, असे विचारत बसला. नियंत्रण खोलीचा नंबर लागता लागेना.

"गॉर्डी, सुरी हलत नाहीये!" आर्डिस टाकीजवळून ओरडली. टाकी बंद, हात घालायलाही जागा नाही.

"आत्ता होईल. आत्ताच." त्याचा आवाज चिरकला होता.

झाले, पण तोवर कापायची वेळ टळून दह्याचा दगड झाला होता. टाकी डुकरांच्या खाद्यात गेली. पुढची परीक्षा आर्डिस निवृत्त झाल्यावर होती.

मित्रांनो, आमचे दिवे शोभेचे नसतात. नारिंगी दिवा दिसला तर कोणाची फजिती होते ते बघत उभे राहू नका. वायर उचला आणि जोडा.

आता जमाखर्च. मार्लिसच्या बीफची तारीफ झाली. नव्याला पुन्हा दोन वायरी मिळाल्या. मला तेच प्रिंटर उरले. डेलमार चारचौघांत म्हणाला, यंत्र कितीही आणा, माणूस लागतोच, आणि गॉर्डनची नोकरी कायम राहिली. सगळ्याचे मोल आर्डिसने भरले, वर तिनेच त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तू धावलास तरी, गॉर्डी. बाकी कोण हललं होतं?"