चूक होऊ न देणारं सॉफ्टवेअर

मुलांना घरीच शिकवणाऱ्या आयांना सध्या एक नवा घोर लागला आहे. प्रोग्रॅमिंग शिकवायचं ते कोणत्या सॉफ्टवेअरवर? बारकीच्या आईने पालकांच्या ग्रुपवर विचारलं, तर प्रत्येकाने वेगळंच नाव पुढे केलं. आई मुद्रितशोधक. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका वेचण्यात तिचा दिवस जायचा. तिने सगळी सॉफ्टवेअर तपासली आणि कसोटी एकच लावली. मुलीला 'चुकलं' हा शब्द कुठेही दिसता कामा नये!

तिला दोष देऊ नका. शाळेत बारकीची चुकलेली गणितं वर्गात मोठ्याने वाचली जायची आणि सगळा वर्ग हसायचा. शेवटी शेवटी ती पोर नुसतं दप्तर बघितलं तरी ओकायची. तेव्हा आईने घरादाराशी भांडून तिची शाळा सोडवली होती.

निवडलेलं सॉफ्टवेअर मोठं गोड होतं. रंगीत ठोकळे जोडत जायचे. चुकीचा ठोकळा बसायचाच नाही आणि मूल जरा अडलं की बरोबर ठोकळा आपणहून लुकलुकायचा. बारकी भराभर पुढे गेली. फ्रिजचं दार प्रमाणपत्रांनी भरलं आणि आईचा जीव भांड्यात पडला.

मग एका रविवारी आत्या आली. अपघातातून उठलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणं हे तिचं इस्पितळातलं काम. बाबांनी कौतुकाने तिला प्रमाणपत्रं दाखवली. आत्या खूश झाली. त्याच सॉफ्टवेअरमध्ये एक कोरं पान होतं, आजवर कुणी न उघडलेलं. ते उघडून ती म्हणाली, "मला एक बेडूक हवाय बाई! उड्या मारत या टोकाकडून त्या टोकाला जाणारा. देतेस करून?"

बारकीने ठोकळ्यांकडे बघितलं. एकही लुकलुकेना. तिने माऊसवरचा हात उचलला.

"अगं, कर ना. येतं तुला," आई म्हणाली.

"कुठला बरोबर आहे ते सांग ना!" बारकी किंचाळली. "चुकेल माझं! आई, चुकेल!" आणि ती टेबलाखाली शिरून, कान घट्ट दाबून बसली.

आईने वाकून बघितलं. शाळेतून येताना असायचा तोच हा चेहरा. ज्यापासून वाचवायला एवढा आटापिटा केला, ते घरातच येऊन बसलं होतं!

"बस्स झालं," बाबा म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून ही शाळेत जाईल. घरी ठेवून काय मिळवलं आपण?"

"खचून जाईल हो ती तिथे!" आई म्हणाली. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून रडू लागली. मागोमाग आत्या आली.

"ताई, मी हात टेकले. आता याहून सोपं एक सॉफ्टवेअर आहे म्हणतात, ते आणून बघते."

"आणखी सोपं? अगं, माझ्याकडच्या माणसाचा जरा तोल गेला की मी लगेच धरलं, तर तो जन्मात चालायचा नाही. तो झोकांड्या खातो, माझा जीव वरखाली होतो, पण मी नुसती शेजारी उभी राहते. पडायलाच लागला तर धरते."

"तुम्हाला बोलायला काय जातंय? रात्र रात्र तिला कुशीत घेऊन मी बसलेय!"

"बसलीस ना. तुझ्या मायेबद्दल बोलतच नाहीये मी. पण चूक म्हणजे काहीतरी भयंकर असतं, हे त्या पोरीला दोघांनी शिकवलं. शाळेने हसून शिकवलं आणि तू लपवून!"

आईला ते फार लागलं. ती तशीच बाहेर आली आणि स्वतः कॉम्प्युटरसमोर बसली. तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने हाताला येतील ते ठोकळे जोडले. बेडूक सरळ वर गेला आणि नाहीसा झाला.

"चुकलं माझं," ती मोठ्याने म्हणाली.

तिने पुन्हा जोडलं. बेडूक उलटा होऊन जागच्या जागी फिरू लागला.

"परत चुकलं!"

टेबलाखालून डोकं काढून बारकीने पडद्याकडे बघितलं आणि रडक्या आवाजात विचारलं, "उडीच्या आधीच वळवलंस का त्याला?"

"काय माहीत गं. बघतेस का?"

बारकी बाहेर आली. आईच्या मांडीवर बसून तिने एक ठोकळा काढला, दुसरा लावला. बेडकाने उडी मारली आणि तो मध्येच अडकला. उपाय आता आईच्याही लक्षात आला होता. तिचा हात सवयीने माऊसकडे निघाला. महत्प्रयासाने तिने तो आवरला. बारकीने आधी आईकडे आणि मग बाबांकडे बघितलं. कुणी हसलं नाही.

"चुकलं," ती हळूच म्हणाली.

"हो," आई म्हणाली. "सांगू का?"

"नको! थांब, सांगू नकोस!"

बेडूक त्या दिवशी पलीकडे पोचला नाही. पण बाबांनी शाळेचा विषयही पुन्हा काढला नाही.

वाचकहो, मुलांसाठी सॉफ्टवेअर निवडताना त्यात किती तारे आणि किती प्रमाणपत्रं मिळतात, ते बघू नका. मूल चुकल्यावर ते काय करतं, तेवढं बघा. हसत असेल तर नको आणि चूक लपवत असेल तरीही नको. ती मुलाला दिसू देणारं आणि पुन्हा करून बघू देणारं असेल, तर बिनधास्त घ्या. आणि तेवढं बघून झालं, की मूल चुकल्यावर आपण काय करतो, तेही एकदा बघा!