डोळ्यातलं सोनं

“धुकं आपसूक येतं, आपसूक जातं, पोरी. मीच हाकललं असं कुणी म्हणालं, तर त्याला हसावं.” होडी लोटताना बाप म्हणायचा. आज समुद्राची देवी माझू आई हिच्या देवळात शोकूईला तो आवाज पुन्हा ऐकू आला.

तैवानच्या त्या बंदरातली सगळी कोळीवस्ती देवळात लोटली होती. वेदीवर चौकटीत तिच्या नवऱ्याचा, बूनहाईचा, डावा डोळा! वस्तीत डोळे तपासायला आलेल्या पथकानं काढलेला आतला फोटो. रक्तवाहिनीच्या फाट्यावर पिवळाधमक ठिपका.

“सोनं!” देवळातला ओंगबुवा अंगात आल्यागत घुमत ओरडला. “आईनं स्वतः पेरलंय! डोळ्यापुढं अंधाराचा पडदा तीच टाकते, अन् माझ्या राखेच्या पाण्यानं तीच उचलते! पण तिची लीला बाहेर बोललात, तर डोळा गेलाच!”

बूनहाई एकदम चाचपडला. “आला... पडदा आला.”

बुवानं वाटी पुढं केली. पाण्यात उदबत्तीची राख, वर त्याची फुंकर. शोकूईनं हात आडवा घातला, वाटी कलंडली.

“वहिनी, आंधळा होईल तो!” बुवा दरडावला.

“आई इथंच बसलीय ना? मग तुमच्या वाटीवाचून तिचं अडतं का?”

बुवा घंटा बडवत राहिला. वेदीवरचा चहा निवायच्या आत बूनहाई म्हणाला, “दिसतंय! तुझ्या कपाळावरची आठीसुद्धा.”

“बुवा, आईनं तुम्हाला सुट्टी दिली वाटतं!” गर्दीत कुणीतरी खिदळलं.

बूनहाईला शोधत आलेल्या पथकाच्या डॉक्टर छायबाई दारातून पुढं आल्या. “हे सोनं नाही. मानेच्या रक्तवाहिनीत साचलेल्या चरबीचा कण आहे. तो डोळ्यात अडकला की अंधार, फुटून सरकला की उजेड. वाटीनं काही होत नाही. उतारवयात शंभरात एखाद्याच्या डोळ्यात असा कण सापडतो. सिगारेट ओढणारे, रक्तदाब चढलेले यांच्यात जास्त. आईनं काय धूर बघून भक्त निवडले? पुढचा कण मेंदूत गेला तर पक्षाघात. आईला खुशाल हात जोडा, पण पडदा पडला की आधी इस्पितळ गाठा. गाडी बाहेर उभी आहे, काका. आणखी काही होतं का? हाताला, बोलण्याला?”

“छे, काही नाही.”

शोकूई त्याच्याकडे बघत राहिली. परवा जेवताना त्याच्या हातातून घास उचलायच्या काड्या निसटल्या होत्या. भात सांडला, तर म्हणाला, तेलकट आहेत.

बूनहाईनं बुवाकडं पाहिलं, मग कलंडलेल्या वाटीकडं.

“उजवा हात,” तो हळूच म्हणाला. “पडद्याबरोबर तोही मरतो. काड्या तेलकट नव्हत्या गं, शोकूई.”