तेवीस टोपल्या

जाळी चुकीची आली होती हे कळायला दीड महिना लागला. तोवर तेवीस टोपल्या विकल्या गेल्या होत्या.

टोपल्या म्हणजे कोळशाच्या. गच्चीवर नाहीतर अंगणात तीन पायांवर उभी असते ना, घुमटासारख्या झाकणाची गोल शेगडी, जिला सगळे केटल ग्रिल म्हणतात, तिच्या आत कडेला चपखल बसणारी अर्धचंद्राकृती जाळीची टोपली. तिच्यामुळे कोळसा शेगडीभर पसरत नाही, एका बाजूला ढीग करून राहतो. मांसाचा तुकडा बरोबर टोपलीच्या वर धरला तर मिनिटभरात चरचरून खरपूस होतो. तोच तुकडा पलीकडच्या रिकाम्या बाजूला ठेवला, निखाऱ्यांवर लाकडाचा एखादा ठोकळा टाकला आणि झाकण लावलं, की चार-पाच तास धुरावर सावकाश शिजत बसतो. एका शेगडीत दोन शेगड्या. अक्का गिऱ्हाइकाला हे एवढंच सांगायची आणि टोपली खपायची.

अक्का पोस्टातून निवृत्त झालेली. तीस वर्षं खिडकीमागे बसून तिनं माणसं पाहिली होती, त्यामुळे बोलायला ती आणि बनवायला तिचा भाऊ, अशी वाटणी आपोआपच झाली. भाऊ वेल्डर. जन्मभर जिन्याचे कठडे आणि फाटकं केलेला, चोपन्न वर्षांचा, दारातून जरा वाकूनच आत येणारा माणूस. पण अक्का त्याला ‘धाकट्या’ म्हणायची आणि तिचं ऐकून बाजारातले लोकही म्हणू लागले होते. बायको गेल्यापासून तो दोन्ही वेळा अक्काकडेच जेवायचा. पहिली टोपली त्यानं अक्काच्या शेगडीसाठी केली, दुसरी तिच्या शेजाऱ्यासाठी, आणि मग रविवारच्या बाजारात दोघांनी एक टेबल मांडलं.

त्या रविवारी एक बसचालक बाई टोपली वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आल्या.

“दोनदाच वापरलीये,” त्या म्हणाल्या. “बघा काय झालंय.”

जाळीवर पांढरी भुकटी धरली होती. पिठात हात घालून कुणीतरी टोपली उचलावी, तशी. धाकट्यानं नखानं खरवडून पाहिलं. टेबलावरचा किमतीचा कागद लोहचुंबकानं डब्याला चिकटवलेला होता. तो चुंबक त्यानं काढला आणि जाळीजवळ नेला. स्टेनलेस जाळीला चुंबक चिकटत नाही. हा टक्कन चिकटला.

त्यानं ओढून काढला, पुन्हा लावला. पुन्हा टक्क.

“तुम्हाला काही त्रास झाला?” त्यानं विचारलं.

“मला नाही. आमच्या ह्यांना थंडी वाजून ताप आला, खोकला. शेगडीपाशी तेच उभे होते ना. दोन दिवसांत बरे झाले. का हो?”

अक्का एका माणसाला एका शेगडीत दोन शेगड्या समजावून सांगत होती. धाकट्यानं तिच्या हातातली टोपली काढून घेतली, टेबलाखाली ठेवली आणि त्या माणसाला म्हणाला, “आज नाही देता येणार.”

जाळी जस्ताच्या मुलाम्याची होती. अशी जाळी कुंपणाला उत्तम, विस्तवात मात्र नको. जस्त फार तापलं की त्याचा पांढरा धूर होतो. वेल्डर लोकांना तो चांगला माहीत असतो. मोकळ्यावर एखाददुसऱ्या वेळी थंडी-तापावर निभावतं, पण बंद जागेत, दम्याच्या माणसाला, रोज रोज, काय होईल ते कोण सांगणार? पुरवठादाराला फोन केला तर तो म्हणाला, “मागणीत तुम्ही नुसतं ‘जाळी, बारीक’ लिहिलंय. चकचकीत हवी होती, चकचकीत दिली.” कागद काढून पाहिला, तर खरंच तसंच लिहिलेलं. अक्षर धाकट्याचंच.

दुपारी अक्काच्या स्वयंपाकघरात ती दोघं बसली. जेवण तसंच झाकलेलं.

“मला एक कळत नाही,” अक्का म्हणाली. “जस्त जळलं की तू रस्त्यावरून ओळखायचास. गोडसर, घशात बसणारा वास येतो, तूच सांगायचास. तेवीस टोपल्या जोडताना तुला कळलं नाही?”

तो ताटावरचं झाकण सरळ करू लागला.

“पंखा लावला होतास?”

“लावला होता.”

“मग?”

“ठिणग्या जास्त उडत होत्या. वाटलं, वेल्डिंगची तार खराब असेल. कापसासारखं काहीतरी बाकावर साठत होतं, तेही झाडून टाकलं. नंतर दोन दिवस ताप होता मला, तू काढा दिला होतास. मला वाटलं, सर्दी.” तो थांबला. “मला वास येत नाही, अक्का.”

“म्हणजे? नाक चोंदलंय?”

“दीड वर्ष झालं. मागं तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर गेला तो गेलाच. कशाचाच येत नाही.”

दीड वर्ष हा माणूस तिच्या समोर बसून प्रत्येक घासाला ‘वा’ म्हणत होता.

“आणि चव?”

“खारट, गोड, तिखट कळतं. बाकी नाही.”

“मागच्या महिन्यात भाजी करपली होती. मी म्हटलं, टाकून देऊ. तू म्हणालास, मस्त झालीये, खरपूस.”

“तुझा चेहरा बघून बोलतो मी,” तो म्हणाला. “तू खूश दिसलीस की चांगली झालीये म्हणतो. पडलेला दिसला तरी चांगलीच झालीये म्हणतो.”

अक्काला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरून आले. “अरे, मला सांगायचंस की.”

“काय सांगणार? वेल्डरला वास येत नाही म्हटलं तर काम कोण देईल? आणि तू रोज काळजी करत बसली असतीस.” त्यानं झाकण उचललं, ताटाकडे पाहिलं आणि परत ठेवलं. “झाली चूक. आता ती माणसं कुठं शोधायची?”

नावं त्यांनी लिहून घेतलीच नव्हती. बाजारात कोण लिहितं? पण अक्काची स्मरणशक्ती होती. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून ती लिहू लागली: दोन कुत्री घेऊन येणारा. दातांची डॉक्टरीण, जिनं ‘गंजणार नाही ना’ असं तीनदा विचारलं. नवरा-बायको, दोघांच्या टोप्या सारख्या. लाल गाडीवाला, चार एकदम नेल्या, भेट द्यायच्या म्हणाला. पाठीवर गिटार. एक म्हातारे गृहस्थ, दुसऱ्या दिवशी मुलीकडे परदेशी चालले होते, टोपली बॅगेत मावेल का ते टेपनं मोजून पाहिलं. एकोणिसावर येऊन ती अडली. कितीतरी वेळ पेन कागदावर टेकवून बसली. चेहरे येत होते, पण ते टोपलीचे की पोस्टातल्या खिडकीतले, तिलाच सांगता येईना.

पुढच्या रविवारी टेबलावर विकायला काहीच नव्हतं. मोठा फलक होता: ‘आमच्याकडून घेतलेली कोळशाची टोपली वापरू नका. परत आणा. तापल्यावर अपायकारक धूर निघतो. चूक आमची आहे.’ शेवटचं वाक्य धाकट्यानं हट्टानं लिहायला लावलं. शेजारी, बदली द्यायला, त्यानं आठवडाभर बसून केलेल्या नव्या टोपल्यांची चळत होती, एकेक जाळी चुंबकानं तपासलेली.

त्या दिवशी चार परत आल्या. दोन कुत्र्यांवाला आला, टोपी घातलेलं जोडपं आलं. दातांच्या डॉक्टरणीचा दवाखाना अक्कानं शोधून काढला. धाकट्या तिथं रुग्णांच्या रांगेत पाऊण तास बसला आणि आत गेल्यावर जबड्याऐवजी टोपलीबद्दल बोलू लागला. गिटारवाल्यानं स्वतःच आणून दिली. महिनाभरात पंधरा जमल्या. प्रत्येक परत आलेली टोपली धाकट्या तिथंच पायाखाली घालून चेपायचा.

लाल गाडीवाल्याचं घर धाकट्याला एका कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं दाखवलं. गाडीवाला फाटकापर्यंत आला, पण फाटक उघडलं नाही.

“दोन साडूंना दिल्या, एक ऑफिसात दिली,” तो म्हणाला. “चौथी माझ्याकडे आहे. झकास चाललीये. परत कशाला देऊ?”

“त्या बदल्यात नवी देतो ना. ही बघा, आणलीये.”

“नवीत काय वेगळं आहे? दिसायला तर तीच आहे.”

“जाळी वेगळी आहे. त्या जाळीवर जस्त आहे, त्याचा धूर छातीत जातो.”

“मग इतके दिवस आम्हाला काही झालं नाही ते?” त्याचा आवाज चढला. “तुम्ही लोक आधी विकता, मग घाबरवता. ती चांगली निघाली म्हणून परत मागताय, दुसरं काय!”

त्याच्यामागे अंगणात ती शेगडी उभी होती. तिच्यापासून दहा पावलांवर एक म्हातारी बाई खुर्चीत बसली होती, मांडीवर श्वासाचा पंप. धाकट्यानं बोट दाखवलं. “आई आहेत का? त्यांच्यासाठी तरी.”

“माझ्या आईचं मी बघतो.”

“एकदाच चुंबक लावून बघा. माझ्याकडे आहे.” त्यानं फाटकाच्या गजांतून हात आत घातला, तळव्यावर चुंबक. तो माणूस त्या हाताकडे बघत राहिला, मग पाठ फिरवून आत गेला. म्हातारी बाई म्हणाली, “कोण आहे रे?” आतून उत्तर आलं, “कुणी नाही.”

धाकट्यानं नवी टोपली फाटकाला अडकवली, तिच्यात चुंबक आणि आपला फोन नंबर लिहिलेली एक चिठ्ठी ठेवली आणि निघाला. दोन दिवसांनी तो मुद्दाम त्या रस्त्यानं गेला. नवी टोपली फाटकावर नव्हती. जुनी शेगडीत होती की नव्हती, ते बाहेरून दिसण्यासारखं नव्हतं.

पाचव्या रविवारी बाजाराचा व्यवस्थापक आला. भला माणूस, पण अडचणीत पडलेला. “फलक काढा आता,” तो म्हणाला. “लोक वाचतात आणि शेजारच्या भांडीवाल्याकडेही फिरकत नाहीत. तो रडकुंडीला आलाय. महिना झाला की.”

“अजून आठ बाहेर आहेत,” अक्का म्हणाली.

“अक्का, त्या आठ जणांनी महिनाभरात वाचलं नाही, ते आता काय वाचणार?”

अक्का उठली. फलक काढला. त्यानंतरचे रविवार अक्का बाजाराच्या तोंडाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागली, “तुमच्याकडे केटल ग्रिल आहे का हो?” बहुतेक जण ती काहीतरी विकतेय असं समजून हातानंच नको म्हणायचे. एका बाईनं तर तिच्या हातावर नाणं ठेवलं. अक्कानं ते भांडीवाल्याच्या गल्ल्यात टाकलं आणि परत जागेवर आली.

मग एका शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, वर्कशॉपात धाकट्याचा फोन वाजला. अनोळखी मुलीचा आवाज, दम लागलेला.

“टोपल्या करणारे तुम्हीच का? बाबांच्या ऑफिसातल्या एकांनी त्यांना दिली होती. त्यांनी आता सांगितलं की त्यात काहीतरी विषारी आहे म्हणून. त्यांच्याकडे तुमची चिठ्ठी होती.”

धाकट्यानं हात लांबवून पंखा बंद केला. “बाबांना काय झालंय?”

“काल दुपारी पाऊस होता म्हणून शेगडी गॅरेजमध्ये घेतली होती. पाच तास धूर देत होते. संध्याकाळपासून हुडहुडी, छाती भरलीये, तोंडाला पत्र्यासारखी चव येतेय म्हणतात. काय द्यायचं त्यांना?”

“काही देऊ नका. दवाखान्यात न्या, आत्ताच. डॉक्टरांना सांगा, जस्ताचा धूर. नीट सांगा, जस्त. कोळशाचा धूरही बंद जागेत होता म्हणावं.”

“बरे होतील ना?”

वेल्डिंगच्या धुरानं आलेला ताप दोन दिवसांत उतरतो, हे त्यानं स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं. पण गॅरेज बंद, पाच तास, आणि माणूस त्यानं कधी पाहिलेलाही नाही. “न्या लवकर,” एवढंच तो म्हणाला.

मग तो अक्काकडे गेला. दोघं फोन मधे ठेवून बसली. अक्कानं दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला. “आपण जाऊया का तिकडे?” तिनं विचारलं. मुलीनं गाव सांगितलंच नव्हतं. नंबर लावला तर बंद. तीन वाजले, चार वाजले. धाकट्या उठून खिडकीशी जायचा आणि परत येऊन बसायचा.

“जोडताना मला वास आला असता तर,” तो एकदा म्हणाला.

“गप्प बस,” अक्का म्हणाली. मग तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

सव्वापाचला फोन आला. ऑक्सिजन लावलाय, ताप उतरतोय, आजची रात्र ठेवून घेणार आहेत, उद्या बहुतेक सोडतील. मुलगी घरी परतली होती, आता शांत होती. त्याला शिव्या द्यायचं तिच्या डोक्यातही आलेलं दिसत नव्हतं, आणि तेच त्याला सोसवेना.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “बाबांनाही सांगा.”

“सांगते. ती टोपली मी कचऱ्यात टाकून देते.”

“नुसती टाकू नका,” तो घाईनं म्हणाला. “कुणीतरी उचलून नेईल. आधी चेपा. पाय द्या तिच्यावर.”

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, मग धप, मग पुन्हा धप. अक्का आणि तो ऐकत होते. बऱ्याच वेळानं मुलगी परत आली.

“नाही हो वाकत,” ती म्हणाली. “फारच घट्ट केलीये तुम्ही.”

“राहू दे मग. पत्ता द्या,” तो म्हणाला, “मी येतो.” अक्का यादीचं ते कॅलेंडरचं पान शोधायला उठली.