काजांची बाजू

"हा काय गाढवपणा आहे?" मालकांनी शर्टांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला. "मुलींच्या शर्टांना मुलग्यांची काजं! एक नाही, दोन नाही, एकशे चाळीस!"

सगळ्या मशिनी थांबल्या. आमच्या कारखान्यात एवढं गप्प व्हायला एरवी वीजच जावी लागते.

शर्ट होते एका बालशाळेच्या गणवेशाचे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते, मलाही इथे लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. मुलग्यांच्या शर्टाची काजं डाव्या पट्टीवर, मुलींच्या शर्टाची उजव्या. का, ते मला विचारू नका. चार वर्षांच्या पोराला नाक पुसायची अक्कल नसते, पण त्याचा शर्ट कुठल्या बाजूनं उघडणार हे मात्र मोठ्यांनी ठरवून ठेवलेलं. आणि शिवण उसवता येते, काज एकदा कापलं की कापलं. ते बुजवता येत नाही.

मी तपासणीला बसते. हे शर्ट माझ्याच हाताखालून गेले होते. धागे बघितले, बटणं ओढून बघितली, बाजू बघायची राहिली.

"मालक, चूक झाली हो," मी घाईघाईनं म्हटलं. "गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील."

मालक तसे वाईट नव्हेत. ते काजवालीकडे वळले. बावीस वर्षं ती काजाच्या एकाच मशीनवर बसली होती. बुटकी, कमी बोलणारी. तिचं काज असं, की एक तंतू बाहेर दिसायचा नाही. नव्या मुलींना मी तिचंच काम नमुना म्हणून दाखवायचे.

"मावशी, बावीस वर्षांत पहिली चूक," मालक म्हणाले. "चुकलं म्हणा आणि विषय संपवा."

मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, म्हण गं बाई, म्हणून टाक.

"चूक नाही झाली," ती म्हणाली. "मी मुद्दाम केलं."

घ्या! मी कपाळाला हात लावला.

"मुद्दाम?"

"माझी लेक मोठी, मुलगा धाकटा. तिला आखूड झालेला शर्ट त्याला घालायचे. पोरांनी काजं बघितली आणि 'बायल्या, बायल्या' करून त्याला जीव नकोसा केला. महिनाभर वर्गात दप्तर छातीशी धरून बसला. मी विचारलं, असा का बसतोस रे? तर म्हणे, थंडी वाजते." ती थांबली. "त्या शर्टाची काजं मीच केली होती, मालक. ह्याच मशीनवर."

मालकांच्या तोंडून नकळत निघून गेलं, "पण मग मुलींना मुलग्यांची का? उलट का नाही?"

"बहिणीनं भावाचा घातला तर कोणी हसत नाही. भावानं बहिणीचा घातला की सगळे हसतात. म्हणून सगळ्यांची एकाच बाजूला केली. आता कोणाचा कोणीही घालावा."

"अहो, पण मला विचारायचं तरी!"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि तिथेच सगळं बिघडलं. मालकांचे कान लाल झाले. "शेवटचं सांगतो, मावशी. चुकलं म्हणा. नाहीतर हे मशीन सोडा."

"नाही म्हणणार. केलंय ते समजून केलंय."

तिच्या जागी मी असते तर चुकलं म्हटलं असतं, हात जोडले असते, वर रडूनही दाखवलं असतं. ती उठली. मशीन पुसलं, त्यावर कापड घातलं. नव्या मुलीच्या हातात तेलाचा डबा देऊन म्हणाली, "दुपारनंतर सुई तापते. जरा थांबत जा." आणि माझ्या शेजारी धागे कापायला येऊन बसली. हे काम आम्ही कालच आलेल्या पोरींना देतो. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शाळा उघडायला चार दिवस होते, दुसरे शर्ट शिवायला वेळ नव्हता. आहेत तेच गेले. तक्रार एकही आली नाही.

वर्षानं मुख्याध्यापिका स्वतः आल्या. "गेल्या वर्षीसारखेच शिवा हं. बहिणींचे शर्ट भावांना चालले म्हणून आया खूश आहेत. कोणाच्या डोक्यातून निघालं हो हे?"

मालकांनी आमच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "आमच्याकडे असंच करतो आम्ही," ते म्हणाले, आणि काजाच्या मशीनवरच्या मुलीला हाक मारून सांगितलं, "सगळी एकाच बाजूला घे गं."

माझं डोकंच फिरलं. आता सांगतेच सगळं, म्हणून मी उठले, तर काजवालीनं माझं मनगट धरलं.

"बस खाली."

"अगं, निदान तुझं नाव तरी..."

"करतायत ना आता तसं? मग झालं."

माझ्यापुढचा शर्ट तिनं ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन काजातून बाहेर आलेला तंतू कापला, नीट घडी घातली आणि पुढचा घेतला.